वजन कमी करताना स्वयंपाकघरातील वजनकाटा : कोणी वापरावा, कसा वापरावा आणि कधी थांबावे

वजन कमी करण्यासाठी अन्न तोलून खाणे आवश्यक आहे का, या प्रश्नाचे थेट उत्तर 'नाही' असे आहे. काट्याला हात न लावता वजन उतरवलेली माणसे सर्वत्र आढळतात. तरीही आपण कमी खातो याची प्रामाणिक खात्री असूनही ज्यांचे वजन महिनोन्महिने जागचे हलत नाही, त्यांनी काही आठवडे काटा वापरून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण काटा आणल्या दिवसापासून ताटात पडणारी प्रत्येक वस्तू तोलू लागतात आणि थोड्याच दिवसांत थकून तो कपाटात ठेवून देतात. या लेखातील पद्धत वेगळी आहे. तिच्यात आधी अंदाज करायचा, मग वजन करायचे आणि नंतर दोहोंतील फरक लिहून ठेवायचा. काट्याने मुख्यतः शोधायची आहे ती आपल्या अंदाजातील चूक. ती एकदा सापडली आणि सुधारली, की काट्याची रोजची गरज संपते.

अंदाज कुठे चुकतो

१९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'अगदी कमी खाऊनही वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींच्या एका लहान गटाची त्यात तपासणी करण्यात आली होती. त्यांनी सांगितलेला आहार आणि शरीरातील ऊर्जेच्या मोजमापावरून निघालेला प्रत्यक्ष आहार यांची तुलना केली, तेव्हा त्या व्यक्ती आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत असल्याचे दिसून आले. त्यांच्या चयापचयात मंदपणा आढळला नाही. त्या खोटे बोलत होत्या, असा अर्थ यातून काढण्याचे कारण नाही. आपण किती खाल्ले हे आठवणीवर आणि नजरेवर विसंबून सांगणे माणसाला मुळातच अवघड जाते आणि चूक बहुधा एकाच दिशेने, म्हणजे कमी सांगण्याच्या दिशेने होते.

मात्र ही चूक सगळ्या पदार्थांत सारखी महाग पडत नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून सुमारे ४. पाण्यातून काहीच मिळत नाही. त्यामुळे काकडी, कोबी, टोमॅटो यांसारख्या पाणीदार भाज्यांचा अंदाज ५० ग्रॅमने चुकला, तरी फरक १०-१२ कॅलरींच्या पलीकडे जात नाही. पीनट बटरचा अंदाज केवळ १५ ग्रॅमने, म्हणजे एका चमच्यावर उभ्या राहिलेल्या ढिगाएवढा चुकला, तरी सुमारे ९० कॅलरी वाढतात. काटा वापरताना हा एक मुद्दा लक्षात ठेवला तर अर्धे श्रम वाचतात.

समजा, एखाद्या व्यक्तीने दिवसाला ४०० कॅलरी कमी खाण्याचे ठरवले आहे. दोन वेळच्या स्वयंपाकात तिच्या वाट्याला प्रत्येकी १० ग्रॅम तेल हिशेबाबाहेर गेले तर १८० कॅलरी झाल्या. जाता-येता तोंडात टाकलेल्या १५ ग्रॅम बदामांच्या सुमारे ९० आणि ताटावर किसलेल्या २० ग्रॅम चीजच्या सुमारे ८० कॅलरी धरल्या, तर बेरीज ३५० होते. यातील एकही गोष्ट त्या व्यक्तीला 'जास्त खाल्ले' असे वाटायला लावणारी नाही. तरी दिवसभराच्या संयमाचा जवळजवळ सगळा परिणाम पुसला गेलेला असतो, आणि ती व्यक्ती आपल्या शरीराला किंवा आपल्या निग्रहाला दोष देत बसते. ही नाहक निराशा टळावी, हे मला काट्याच्या बाजूने असलेले सर्वांत मोठे कारण वाटते.

कोणी काटा आणू नये

खरेदीचा विचार करण्यापूर्वी हा भाग वाचावा. ज्यांना सध्या खाण्यासंबंधीचा मानसिक विकार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, म्हणजे उपासमार करून घेणे, अनावर होऊन खाणे, खाल्लेले उलटून काढणे अशा गोष्टींतून जे गेले आहेत, त्यांनी अन्न तोलण्याच्या वाटेला जाऊ नये. अशा विकारांवर उपचार घेणाऱ्या १०५ जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी कॅलरी मोजण्याचे एक ॲप वापरले होते आणि ते वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना त्या मोजणीने आपल्या विकारात भर पडली असे वाटत होते. या पाहणीवरून मोजणीमुळे विकार जडतो असे सिद्ध होत नाही. पण ज्याच्या मनात अन्नाविषयी आधीच भय आहे, त्याच्या हाती आणखी एक आकडा देणे शहाणपणाचे नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

वाढत्या वयाच्या मुलांचे अन्न वजन कमी करण्यासाठी तोलू नये आणि शक्यतो त्यांच्यासमोर स्वतःचेही तोलू नये. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय कॅलरी कमी करू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली आणि अन्न कमी झाले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

काटा निवडणे

एक ग्रॅमच्या अचूकतेने आकडा दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत वजन पेलणारा साधा डिजिटल काटा घरच्या कामाला पुरतो. भांड्याचा धडा करण्याची सोय, म्हणजे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणणारे 'टेअर' किंवा 'झिरो' असे लिहिलेले बटण, त्यावर असलेच पाहिजे. आकड्यांची पट्टी काट्याच्या पायाशी असते. मोठे ताट ठेवल्यावर ती झाकली जाणार नाही, हे खरेदीपूर्वी ताटाच्या आकाराचा अंदाज घेऊन पाहावे. काही काटे अर्ध्या-एक मिनिटात आपोआप बंद होतात आणि भाजी चिरून होईपर्यंत आधीचा आकडा पुसला गेलेला असतो. त्यामुळे बंद होण्याची वेळ जितकी लांब तितके बरे. मोबाइलला जोडला जाणारा काटा घेण्याची गरज मला कधीच पटलेली नाही, कारण हाताने लिहिलेला आकडा जास्त लक्षात राहतो आणि आपल्याला लक्षात राहणेच हवे आहे.

काट्यावर मिलिलिटर दाखवण्याची सोय असेल तर तिच्यावर विसंबू नये. तो आकडा द्रव पाण्याइतकाच जड आहे असे गृहीत धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात १०० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ९२ ग्रॅम भरते, तर तेवढाच मध १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. सगळी मापे ग्रॅममध्येच घ्यावीत.

वापरण्यापूर्वीची चाचणी

काटा सपाट, कडक आणि न हलणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा. खाली कापड किंवा रबरी चटई असू नये आणि पंख्याचा झोत थेट येऊ नये. एखादी वस्तू तीनदा उचलून तीनदा ठेवावी आणि आकडा एक-दोन ग्रॅमच्या आत तोच येतो का, हे पाहावे. तीच वस्तू मध्यभागी आणि चारही कडांना ठेवून पाहावी. मग एक जड भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि त्यात तीच वस्तू ठेवावी. एकटीचे वजन आणि भांड्यातले वजन जवळजवळ सारखे आले पाहिजे. निव्वळ वजन छापलेली दोन-तीन न उघडलेली पाकिटे ठेवूनही काट्याचा खरेपणा तपासता येतो. पाकिटाचे स्वतःचे वजन धरून आकडा छापलेल्यापेक्षा किंचित जास्त यायला हवा. आकडे अडखळू लागले, स्थिर होईनासे झाले, तर प्रथम बॅटरी बदलून पाहावी.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ काटे शून्याच्या आसपासचा सूक्ष्म बदल आपोआप पुसून टाकतात, म्हणजे आकडा उगाच थरथरत राहत नाही. त्यामुळे शून्य केलेल्या भांड्यात साखर किंवा पीठ चिमूट-चिमूट सोडले, तर सुरुवातीचे काही ग्रॅम मोजलेच जात नाहीत. अशा वेळी वस्तू एकदम टाकावी, किंवा भांडे उचलून पुन्हा ठेवावे.

पहिला आठवडा : काहीही न बदलता

पहिल्या आठवड्यात आहारात कोणताही बदल करू नये. ही सूचना विचित्र वाटेल, पण संपूर्ण पद्धतीचा पाया हाच आहे. नेहमीप्रमाणे वाढून घ्यावे, वाढलेल्या पदार्थाकडे पाहून त्याचे वजन मनात न ठरवता कागदावर लिहावे आणि मगच काट्यावर ठेवावे. कागदावर तीन रकाने असावेत : अंदाज, प्रत्यक्ष वजन आणि फरक. आकडा पाहून ताटातले काही परत काढू नये आणि काही लपवूही नये. नेहमीपेक्षा कमी वाढून घेण्याचा मोह पहिल्या दोन-तीन दिवसांत जवळजवळ प्रत्येकाला होतो, कारण लिहावे लागते या जाणिवेनेच हात आखडतो. म्हणून सुरुवातीच्या एक-दोन दिवसांच्या नोंदींना फार महत्त्व देऊ नये.

या आठवड्यात सहा प्रकारच्या वस्तू तोलाव्यात : तेल, तूप व लोणी; बदाम, अक्रोड, शेंगदाणे आणि त्यांची बटरे; चीज व साय; साखर, मध व जॅम; तांदूळ, पास्ता, ओट्स यांसारखी कोरडी धान्ये; आणि पाकिटातले खाणे. बहुतेक घरांत कॅलरींचा मोठा हिस्सा आणि अंदाजातील चुकीचा त्याहूनही मोठा हिस्सा याच वस्तूंत असतो. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, फुलकोबी यांना सूट द्यावी. अंडी मोजावीत, तोलू नयेत. मध्यम आकाराच्या अंड्याचा कवचाविना भाग साधारण ५० ग्रॅम आणि ७० कॅलरींच्या आसपास धरला की काम भागते.

आठवडा संपल्यावर तिसरा रकाना वाचावा. कोणाचा तेलाचा हात सैल असतो, कोणाला भाताचा अंदाज येत नाही, तर कोणाचे जेवण अगदी नेमके असून जेवणाबाहेरचे चघळणे नोंदीतच आलेले नसते. आपली चूक कोणत्या दोन-तीन वस्तूंत आहे हे कळले, की पुढच्या आठवड्यांत लक्ष तेवढ्यांवरच केंद्रित करावे. सगळ्याच वस्तू तोलत राहण्यात काही अर्थ नाही.

तोलण्याच्या रीती

बरणीतून किंवा बाटलीतून घेतल्या जाणाऱ्या वस्तू उलट्या रीतीने तोलाव्यात. पीनट बटरची उघडी बरणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, हवे तेवढे चमच्याने काढून घ्यावे आणि काट्याकडे पाहावे. तेथे उणे चिन्हासह जो आकडा दिसतो, तेवढे बटर आपण घेतले. चमच्याला चिकटलेले चाटून खाल्ले तरी ते हिशेबात आलेलेच असते. चीजची वडी, लोण्याचा डबा, मधाची बाटली यांना हीच रीत लागू पडते आणि वेगळे भांडे घासावे लागत नाही. तेलाची बाटली काट्याच्या क्षमतेत बसत असेल तर स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर तिचे वजन करावे. १५ मिलिलिटरच्या सपाट भरलेल्या एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल मावते आणि त्यातून सुमारे १२० कॅलरी मिळतात. बाटलीतून थेट कढईत सोडलेली धार पहिल्यांदा तोलली जाते, तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो तो येथेच.

तळणीचा हिशेब थोडा कठीण आहे. तेलाचे भांडे तळणीपूर्वी तोलावे आणि तळणीनंतर तेल पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तोलावे. दोहोंतील घट म्हणजे साधारणपणे पदार्थाने शोषलेले तेल. गरम भांडे काट्यावर कधीही ठेवू नये. काटा बिघडतो आणि आकडाही चुकतो.

फळे खाण्याजोग्या भागाच्या वजनानेच धरावीत. केळ्याची साल त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश असते, त्यामुळे सालीसकट केलेले वजन फसवे ठरते. हाडांसकट मांस असेल तर खाण्यापूर्वी संपूर्ण तुकड्याचे आणि खाऊन झाल्यावर उरलेल्या हाडांचे वजन करून वजाबाकी करावी.

आता सर्वांत जास्त गोंधळ ज्याबाबत होतो त्या कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाविषयी. १०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. तांदूळ शिजताना पाणी शोषून अडीच ते तीनपट जड होतो. कॅलरी तेवढ्याच राहतात, फक्त जास्त वजनात पसरतात. पास्त्याचेही तसेच : कोरडा सुमारे ३७०, शिजलेला १५० ते १६०. मांसाचे नेमके उलट होते. कोंबडीच्या छातीच्या कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे १२० कॅलरी असतात आणि शिजताना पाणी निघून गेल्याने वजन साधारण चतुर्थांशाने घटून तोच आकडा १६५ च्या आसपास जातो. म्हणून कच्चे तोलले असेल तर कच्च्याचाच आकडा घ्यावा आणि शिजवून तोलले असेल तर शिजवलेल्याचा. शिजलेला भात २०० ग्रॅम तोलून त्याला कोरड्या तांदळाचा आकडा लावला, तर २६० ऐवजी ७२० कॅलरी लिहिल्या जातात. उलट चूक केली तर मनुष्य निश्चिंतपणे तिप्पट खातो. शक्य असेल तेव्हा कच्चे वजनच घ्यावे, कारण कमी-जास्त पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही.

सर्वांसाठी एकत्र शिजवलेला पदार्थ

'घरात सगळ्यांचे जेवण एकाच भांड्यात होते, मग माझ्या वाट्याच्या कॅलरी कशा काढायच्या,' या अडचणीपाशी अनेक जण काटा सोडून देतात. हिशेब खरे तर सोपा आहे. प्रथम घरातील नेहमीच्या तीन-चार भांड्यांचे रिकामे वजन एकदाच करून कागदावर लिहावे आणि तो कागद ओट्याजवळ चिकटवावा. नंतर शिजवताना भांड्यात पडणाऱ्या मुख्य वस्तूंचे कच्चे वजन टिपावे.

उदाहरणादाखल भाज्या घालून केलेला भात घेऊ. तांदूळ ३०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १०८० कॅलरी. मिश्र भाज्या ४०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १६०. तेल ३० ग्रॅम, म्हणजे २७०. एकूण १५१० झाल्या. मीठ, मसाले आणि पाणी सोडून द्यावे. भात तयार झाल्यावर भांड्यासकट वजन २३५० ग्रॅम भरले आणि रिकामे भांडे ११०० ग्रॅमचे असेल, तर पदार्थ १२५० ग्रॅम झाला. १५१० ला १२५० ने भागले की एका ग्रॅममागे सुमारे १.२ कॅलरी येतात. आपल्या ताटात २८० ग्रॅम वाढले असेल तर त्या सुमारे ३४० कॅलरी. त्याच भातात तेल ३० ऐवजी ६० ग्रॅम पडले असते, तर तेवढ्याच वाढीतून सुमारे ३९० कॅलरी मिळाल्या असत्या. ताटाकडे पाहून हा ५० कॅलरींचा फरक कोणालाही ओळखता येणार नाही, कारण भात दोन्ही वेळा तेवढाच दिसतो.

असा हिशेब नेहमीच्या पाच-सहा पदार्थांचा एकेकदा करून वहीत ठेवावा. पुढच्या वेळी केवळ तेल आणि आपली वाढ तोलली की पुरे. जेवणाच्या पंगतीत काटा आणून ठेवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ताट स्वयंपाकघरात वाढून, तोलून मग टेबलावर न्यावे. सोबत जेवणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, आपल्या आकड्यांशी काही देणेघेणे नसते.

आकड्यावर किती विश्वास ठेवावा

काटा ग्रॅम दाखवतो, कॅलरी दाखवत नाही. ग्रॅमपासून कॅलरींकडे जाताना जे आकडे आपण वापरतो ते सरासरीचे असतात. कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांच्या एका ग्रॅममागची ४, ४ आणि ९ ही प्रमाणे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामावर आधारलेली आहेत आणि आजही उपयोगी आहेत, परंतु प्रत्येक पदार्थाला ती तंतोतंत लागू पडत नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अख्खे बदाम माणसांना खाऊ घालून शरीरात प्रत्यक्ष किती ऊर्जा शोषली गेली हे मोजले, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या. नेहमीच्या हिशेबाने त्या १६० ते १७० धरल्या जातात. बदामाच्या पेशींच्या भिंतींत अडकलेली स्निग्धता पूर्ण पचत नाही, हे त्यामागील कारण. पाकिटावरील आकड्यांनाही सूट असते. अमेरिकेतील नियमांनुसार प्रत्यक्ष कॅलरी छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी ते नियमात बसते.

त्यामुळे दिवसाची बेरीज १७८३ आली की १८१२ यावर विचार करत बसणे व्यर्थ आहे. दहाच्या पटीत लिहावे आणि शंभराच्या पटीत विचार करावा. आकड्यात कायमची थोडी चूक असली तरी ती रोज सारखीच असेल, तर तुलनेसाठी तो आकडा उत्तम काम देतो.

नोंदीवरून निर्णय

दुसऱ्या आठवड्यापासून बदल करावा, पण तो मोजका असावा. ज्या दोन-तीन वस्तूंत अंदाज सर्वाधिक चुकला होता त्यांचेच प्रमाण ठरवून घ्यावे. एका वेळच्या स्वयंपाकाचे तेल आधीच तोलून वाटीत काढून ठेवावे, किंवा सुकामेवा डब्यातून न खाता २०-२५ ग्रॅम बशीत घेऊन डबा बंद करावा. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची घट पुष्कळ झाली. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, असे ढोबळमानाने धरले जाते. त्या हिशेबाने रोज ५०० कॅलरींची घट आठवड्याला अर्ध्या किलोच्या जवळ जाते. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की शरीराचा ऊर्जेचा खर्चही कमी होतो, म्हणून हा वेग पुढे मंदावतो. त्याला घाबरून आणखी कमी खाऊ नये. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये.

शरीराचे वजन करताना सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. मीठ, पाणी, मासिक पाळी, पोटातील अन्न यांमुळे एका दिवसात एक-दीड किलोचा चढउतार सहज होतो आणि त्याचा चरबीशी संबंध नसतो. तीन-चार आठवड्यांची सरासरी उतरत असेल तर आकड्यांत दुरुस्ती करू नये. ती हलत नसेल तर आधी नोंदीत काय सुटते आहे ते शोधावे : स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटातले उरलेले, चहा-कॉफीतील दूध आणि साखर, सुट्टीच्या दिवशीचे न लिहिलेले जेवण. बहुधा उत्तर तेथेच मिळते.

काट्याचा एक उपयोग मला सर्वांहून मोलाचा वाटतो आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. काटा कमी खाण्यासाठी जसा, तसाच काही गोष्टी जास्त खाण्यासाठीही वापरता येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते. आपण भरपूर भाजी खातो असे मानणाऱ्याने एक दिवस ती तोलून पाहावी. प्रथिनांबाबतही तेच. प्रौढ व्यक्तीसाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने हे किमान प्रमाण मानले जाते आणि वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून १.२ ते १.६ ग्रॅम घेण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.) ६० किलो वजनाच्या व्यक्तीला यासाठी दिवसाला किमान ७२ ग्रॅम प्रथिने लागतील. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे ९ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे पाहिले की ताटात नेमके काय कमी पडते आहे ते कळते. पोट भरलेले राहिले तर घटवलेल्या कॅलरी निभावून नेणे पुष्कळ सोपे जाते.

काटा बाजूला ठेवणे

चार ते सहा आठवड्यांनंतर स्वतःची परीक्षा घ्यावी. सलग काही दिवस ठरावीक वस्तूंचा अंदाज आधी लिहावा आणि मग तोलावे. तेल, सुकामेवा, चीज यांचा अंदाज चार-पाच ग्रॅमच्या आत आणि भात-पास्त्याचा २०-३० ग्रॅमच्या आत बसू लागला, की त्या वस्तूंचे तोलणे थांबवावे. नजरेला मदत म्हणून एकच वाटी, एकच चमचा आणि एकच ताट कायम वापरावे. वाटीत कोणत्या रेषेपर्यंत भात भरला की १५० ग्रॅम होतो, हे एकदा पाहून ठेवले की ती वाटीच माप बनते. बाहेर जेवताना काटा नसतो, तेथे हीच तयार झालेली नजर कामाला येते. तिच्यात तेलासाठी थोडी भर घालून हिशेब धरावा आणि गप्पांत रमावे.

त्याआधीच थांबावे लागेल अशी काही चिन्हे मात्र ओळखली पाहिजेत. न तोललेले अन्न खाण्याची भीती वाटणे, आकडा ओलांडला म्हणून पुढचे जेवण टाळणे, मोजता येणार नाही म्हणून आमंत्रणे नाकारणे, दिवसभर डोक्यात बेरजाच चालू राहणे, यांपैकी काहीही जाणवू लागले तर वजन उतरत असले तरी काटा त्याच दिवशी बंद करावा, विश्वासातल्या कोणाशी तरी बोलावे आणि भीती कायम राहिल्यास डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

ज्यांचे तोलणे सुखरूप पार पडले त्यांनी दोन-तीन महिन्यांनी तीन दिवसांची फेरतपासणी करावी, कारण तेलाचा हात हळूहळू पुन्हा सैल होतो आणि बशीतला सुकामेवा वाढत जातो. नवे भांडे, नवा चमचा किंवा वेगळ्या जातीचा तांदूळ घरात आला, दुसऱ्या कोणाच्या हाती स्वयंपाक गेला, किंवा सलग चार आठवडे वजनाची सरासरी कारणाविना वर सरकत राहिली, तरीही हीच तपासणी करावी. तीन दिवस पूर्वीप्रमाणेच आधी अंदाज लिहावा, मग तोलावे, आणि ज्या वस्तूत फरक वाढलेला दिसेल तेवढीच वस्तू पुढचा आठवडाभर काट्यावर ठेवावी.